खिंडीखालच्या घराचा रंग

१४ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! सहा तास ट्रकमध्ये आपटत आलो. मागे रंगाचे वीस डबे, परांचीचे पाइप आणि फळ्या. पुढे मी आणि ट्रकवाला. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि हा पठ्ठ्या एका हाताने चाक धरून मला मेव्हण्याच्या लग्नातली भांडणं मीठमसाला लावून सांगतोय. उतरलो तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. पण समोर घर बघितलं आणि सगळा शीण गेला.

काय घर आहे! वस्तीतलं सगळ्यात वरचं, खिंडीच्या अगदी खाली. दगडी जोतं, त्यावर दुमजली फळ्यांच्या भिंती, उतरतं पत्र्याचं छप्पर. चारही बाजू मोकळ्या, आडवं एक झाड नाही. बाहेरून घरं रंगवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण इतकी रुंद, सरळ भिंत क्वचित मिळते. हात शिवशिवले.

मालकीणबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना पोस्टबाई म्हणतात. बोलणं अजून तारेसारखं, शब्द मोजून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे दीर, दोघंच. दिरांना त्या भाऊजी म्हणतात, म्हणून मीही भाऊजीच म्हणणार. ते वरच्या खोलीत असतात, बोलत नाहीत. जिन्यात दिसले तेव्हा हातात मोजे आणि तोंडाला डोळ्यांपर्यंत मफलर. थंडी सोसत नसेल बिचाऱ्यांना.

रंग मी माझ्या मनाने आणलाय, फिकट पिवळा. म्हटलं आता नाक मुरडणार. रंगाच्या छटेवरून नवराबायकोची जुंपलेली मी किती वेळा सोडवली आहे! पोस्टबाईंनी डब्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाल्या, रंग कोणताही चालेल. तीन हात द्या, दाट द्या, आणि बर्फ पडायच्या आत द्या.

मला स्वयंपाकघरामागची खोली दिली आहे, चुलीच्या भिंतीला लागून. उबदार आहे. घरी पत्र टाकलं की सगळं छान आहे आणि छकुलीला सांग, बाबा ढगांच्या वर राहतोय.

१७ सप्टेंबर

सकाळी दव गोठलेलं. दहापर्यंत भिंतीला हात लावता येत नाही. दुपारी ऊन चटका देतं. दोननंतर वारा सुटतो तो खडीसकट. म्हणजे कामाचे तास चारच. हे सगळं वहीत लिहायची सवय, ज्यांच्याकडे काम शिकलो त्या वस्तादांची. ते म्हणायचे, रंग उडाला की मालक रंगाऱ्याच्या नावाने खडे फोडतो, तेव्हा हवा काय होती ते लिहिलेलं असावं. इथली हवा म्हणजे रंगाची सासू आहे. सकाळी गारठवते, दुपारी भाजते आणि संध्याकाळी तोंडावर माती फेकते.

जुना रंग खरवडायला घेतला तर पोस्टबाई धावत बाहेर आल्या. खरवडायचं नाही, वरूनच मारा. मी समजावलं की जुन्या पापुद्र्यावर नवा रंग धरत नाही, पैसा आणि मेहनत पाण्यात. त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, पण खरवडू नका. एक ढलपी निघाली होती ती मी पाहून घेतली. जाडी बिस्किटाएवढी! एकावर एक किती थर, मोजता येईनात. वस्तीतल्या सगळ्याच घरांचं हे असं. कोपरे गोल झालेत, खिडक्यांच्या चौकटी सुजल्यासारख्या दिसतात. गरीब वस्ती, पण रंगावर हात सैल.

दुकानदार भेटला. आम्हाला वरच्या घराची काळजी होती, तुम्ही आलात, फार बरं झालं, असं दोनदा म्हणाला. रंगाऱ्याला इतका मान मी कुठे पाहिला नाही.

२३ सप्टेंबर

पूर्व आणि दक्षिण, दोन हात पूर्ण. पश्चिमेला पहिला हात. ती बाजू खिंडीच्या तोंडावर, वारा सरळ अंगावर येतो. रंग थिजून डब्यात चमचा उभा राहील असा झाला होता. ब्रश ओढून खांदा भरून आला, म्हणून थोडं टर्पेंटाईन घातलं. पोस्टबाईंनी पातळ करू नका म्हणून बजावलं होतं, पण इतकं चालतं. कोणाला कळणार आहे?

आज पश्चिमेला गुडघ्याएवढ्या उंचीवर रंग गेलेला दिसला. हातभर पट्टा. नवा गेला, जुनाही गेला, आत लाकूड दिसतंय. गुरांचं काम असणार. खारटपणासाठी गुरं भिंती चाटतात, मी पाहिलंय. पट्टा भरून घेतला.

जेवताना सहज विचारलं, कोणाची गुरं मोकळी फिरतात का? पोस्टबाई म्हणाल्या, वस्तीत गुरं नाहीत. आणि ताटातलं तसंच ठेवून वर भाऊजींकडे गेल्या.

२८ सप्टेंबर

पुन्हा. भरलेला पट्टा गेला, वर आणखी एक, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. डोळ्यांत तेल घालून पाहिलं. हवेने उडालेला रंग पापुद्रे सोडतो, कडा उचलतात, भुगा खाली पडतो. इथे कडा अशा विरत गेल्यात की बोट फिरवलं तर कळत नाही. जमिनीवर कणभर भुगा नाही. लाकडाचे तंतू सगळे एकाच दिशेने वळलेले, खालून वर. आणि फळी ओलसर. दव नव्हे. चिकट.

दुकानदाराला सांगितलं. तो वजन करत होता, हात थांबला. कोणत्या बाजूला, किती उंच, एवढंच विचारलं. मग म्हणाला, लवकर उरका आणि दाट मारा. सामानाचे पैसे घ्यायला तयार नव्हता. मी ठेवून आलो.

२ ऑक्टोबर

आज ट्रकवाला सामान घेऊन आला. या वर्षीची ही शेवटची फेरी, उद्यापरवा बर्फ आणि मग रस्ता वसंतातच उघडणार. तो म्हणाला, दादा, चला बसा, उरलेलं पुढच्या वर्षी. माझं काम पंधरा दिवसांचं राहिलं आहे, नंतर पायी उतरता येतं असं पोस्टबाईंचं म्हणणं. अर्धी भिंत टाकून मी आजवर कुठून गेलो नाही. थांबलो.

एक विचित्र प्रकार झाला. भाऊजी खाली आले. माझ्या खोलीत जाऊन माझी पिशवी उचलून आणली आणि ट्रकच्या पायरीवर ठेवली. मी परत घेतली. त्यांनी पुन्हा माझ्या छातीवर दाबली, मोजे घातलेल्या दोन्ही हातांनी, जोर लावून. मफलरमागून घशातून कसलासा आवाज काढत होते. पोस्टबाई आल्या आणि दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेल्या. ट्रकवाला हसला, म्हाताऱ्याला पाहुणे आवडत नाहीत वाटतं! मीही हसलो.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत मात्र मी पिशवी घेऊन रस्त्यावरच उभा होतो.

५ ऑक्टोबर

काल बर्फ पडलं, वीतभर. आज उजाडताच पश्चिमेला गेलो. पट्टा वरच्या मजल्यापर्यंत. परांचीच्या शेवटच्या फळीच्याही वर, जिथे मला शिडी लागते. खाली बर्फावर एकही पाऊल नाही. ना माणसाचं, ना जनावराचं.

अकराला धुकं उतरलं. खिंडीतून असं येतं की आपलाच ब्रश दिसत नाही. मी परांचीवर होतो. कोपऱ्यापलीकडे, उत्तरेच्या भिंतीवर आवाज चालू होता. लाकडावर कोणी पॉलिश पेपर मारावा तसा. लांब, सावकाश, एकाच चालीचा. मला वाटलं पोस्टबाई काही घासतायत. हाक मारली.

आवाज थांबला.

त्या स्वयंपाकघरातून ओ देत बाहेर आल्या.

मी डबा तिथेच सोडून उतरलो. उतरताना दोन पायऱ्या चुकल्या, नडगी सोलली. आत येऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीची भीती वाटली.

६ ऑक्टोबर

पोस्टबाईंना समोर बसवलं. म्हटलं, आता सगळं सांगा.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ते बर्फाबरोबर खिंडीतून उतरतं, या वर्षी त्याच्याही आधी आलं. काय ते कोणी पाहिलेलं नाही. चाटतं. सगळ्यात वरचं घर आधी लागतं, म्हणून हे घर. रंग जितका दाट तितका त्याला वेळ लागतो. बर्फ वितळेपर्यंत रंग पुरला की ते परत जातं. वरच्या घरी ते गुंतलेलं असलं की खालची वस्ती सुखरूप. म्हणून आम्ही दर वर्षी रंगवतो.

मी विचारलं, आणि पुरला नाही तर? त्या म्हणाल्या, एकदा पुरला नव्हता. माझे यजमान होते तेव्हा. मार्च संपत आला होता, रंग संपला. तेव्हा भाऊजींनी वेळ निभावून नेली.

कशी, ते सांगितलं नाही.

मला आधी का सांगितलं नाही, म्हणून मी ओरडलो. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर आला असता का? आवाजही चढवला नाही. मग कपबशा विसळायला उठल्या.

पश्चिमेच्या रंगात काय मिसळलं ते मी त्यांना सांगितलं नाही. जीभ रेटली नाही.

८ ऑक्टोबर

आज खाली उतरून जायचं ठरवलं. सकाळ स्वच्छ होती. दुकानापर्यंत पोचेतो धुकं. दार ठोठावलं. दुकानदार आतूनच बोलला. दार उघडणार नाही, तुमच्या मागे ते येईल, तुम्ही वर जा. वरच्या घराला रंग आहे तोवर कोणाला धक्का नाही. मी हातापाया पडलो. मला मुलगी आहे म्हणालो. तो म्हणाला, मला तीन आहेत. रडत होता. दार उघडलं नाही.

पुढे पुलापर्यंत गेलो. पूल बर्फाखाली, वाट कुठली कळेना. डाव्या अंगाला, धुक्यात, माझ्याबरोबर काहीतरी चालत नव्हतं पण येत होतं. मी थांबलो की थांबे. पाठीवर ऊब जाणवली, गुरांच्या श्वासासारखी. मग ओढ. मी पळालो. परत वर. दुसरीकडे जाणार कुठे?

कोट काढून पाहिला. पाठीवरची लोकर गेली आहे. नुसतं विणलेलं सूत राहिलंय, चाळणीसारखं.

पोस्टबाईंनी कोट पाहिला. म्हणाल्या, ते मोकळं असताना वाट चालायची नसते. गुंतलेलं असेल तेव्हाच.

९ ऑक्टोबर

भाऊजींचे हात पाहिले. दूध पिताना मोजा निसटला. तळव्यावर एक रेष नाही. नखं नाहीत. बोटं शेंड्याकडे निमुळती, मेणबत्तीसारखी. मफलर सरकला. कान नाहीत. ओठही—

त्यांना माझ्यासमोर लाज वाटली. मान फिरवली. मी मोजा उचलून परत घातला. बाकी काय करणार?

आता कळतंय, पिशवी ट्रकवर का ठेवत होते.

११ ऑक्टोबर

डबे सात राहिले. पश्चिमेला रोज एक जातो. सूर्य असतो तेवढे दोन तास मी मारतो, ओल्यावर ओला. धरत नाही, ओघळतो. वस्तादांनी पाहिलं असतं तर कानाखाली काढली असती. पोस्टबाईही ब्रश घेऊन येतात. मी शिकवलं, कडेपासून आत ओढायचा, डाग सोडायचा नाही. हात चांगला आहे त्यांचा.

उत्तरेचा रंग जाडच आहे. पूर्वेचाही. उत्तरेला एकदा चाटून पाहिलं, आता ते तिकडे वळतच नाही. पश्चिमेलाच येतं. पातळ केलेला आहे तिथेच. माझ्यामुळे.

१३ ऑक्टोबर

पश्चिम फुटली. वरची खोली.

सकाळी चहा घेऊन पोस्टबाई वर गेल्या आणि त्यांची हाक आली. नुसती माझ्या नावाची, एकदाच. धावत गेलो. भिंतीतल्या तीन फळ्या कागदाएवढ्या झाल्या होत्या, मधे माणूस जाईल एवढं भोक. धुकं खोलीत आलं होतं.

भाऊजी पलंगावर. मेले होते. रक्त नाही. जखम नाही. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, पॉलिश पेपर मारून तयार केलेल्या फळीसारखं, गुळगुळीत, कोरं. पांघरूण नीट होतं. त्यांनी हाक मारली असेल का? त्यांना मारताच येत नव्हती.

भोकावर कपाट लावलं. दार खिळे मारून बंद केलं. दाराला आतल्या बाजूने, म्हणजे आमच्या बाजूने, तीन हात दिले. पोस्टबाई रडल्या नाहीत. जिन्यावर बसून राहिल्या, ब्रश मांडीवर.

मी तेव्हा सांगितलं. टर्पेंटाईनचं.

त्यांनी मांडीवरचा ब्रश बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, चला, जेवून घ्या.

१५ ऑक्टोबर

डबे दोन. वरच्या खोलीचं ते दार गेलं. आता स्वयंपाकघर आणि माझी खोली, एवढंच. दिवसाही खिडक्या पांढऱ्या. वर छताच्या फळ्यांवर आवाज चालू आहे. थांबत नाही. जेवतानासुद्धा.

छकुलीची आठवण येते. बाबा ढगांच्या वर—

असलं लिहायचं नाही.

१६ ऑक्टोबर

डबा एक.

पोस्टबाई आज खूप बोलल्या. पोस्टातल्या गोष्टी. एका माणसाने वीस वर्षं रोज येऊन विचारलं, माझं काही आहे का? एकदाही नव्हतं. त्या म्हणाल्या, खोटं पत्र लिहून द्यावं असं मनात येई, पण नियमात नव्हतं.

मग म्हणाल्या, मला मरायची भीती नाही असं मला वाटायचं. आहे. फार आहे.

मी म्हटलं, मलाही. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, आई फिरवते तसा.

१७ ऑक्टोबर

काल रात्री चहा घेतला. कडू होता. भाऊजींच्या झोपेच्या गोळ्या त्या डब्यात ठेवत, तो डबा ओट्यावर उघडा आहे. रिकामा. आत्ता दुपार आहे. डोकं जड.

डोळे उघडेनात म्हणून हात लावला. चिकट.

मला रंगवलंय.

तोंड, मान, हात, छाती. कपडे काढून. दाट. दोन हात तरी आहेत, पहिला वाळल्यावर दुसरा दिलाय. डाग सोडलेला नाही. कानामागेसुद्धा—

डबा रिकामा, शेजारी ब्रश धुऊन ठेवलाय. त्यांचे बूट नाहीत. कोट नाही. दार उघडं आहे, सताड. बाहेर धुकं.

ते गुंतलेलं असेल तेव्हाच वाट चालायची.

म्हणजे भाऊजींनी स्वतःहून वेळ निभावून नेली नव्हती. त्यांच्या भावानेच त्यांना रंगवून—

दार लावलं. कडी नाही. काढून नेली आहे. टेबल लावलं. टर्पेंटाईन शोधलं, नाही. चिंध्यांनी पुसतोय, निघत नाही, वाळलाय. नखांनी खरवडतोय. बोटांच्या मधला निघत नाही. मीच शिकवलं. कडेपासून आत.

राग येत नाही. यायला हवा. सत्तरीची बाई बर्फातून एकटी उतरतेय. दुकानदार उघडेल का तिला? उघडू दे. कोणीतरी—

वरचा आवाज थांबला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. काही ऐकू येत नाही.

टेबल सरकलं नाही. दार हललं नाही. पण खोलीत ऊब आली आहे. मागून. मी वळून बघणार नाही. लिहीत राहणार. हवा: धुकं, वारा नाही, बाहेर गारठा, आत

मानेवर ओलं. खालून वर. दुखत नाही. सावकाश

डावा हात पुढे घेतला तर मनगटावरचा पिवळा रंग गेलेला. खाली माझी कातडी आहे अजून. आहे. तीळ मात्र

ते पेनाकडे